कातिबचाचांचा राहिलेला तनखा

उस्मानाबादच्या त्या छापखान्यात मी कामाला लागलो तेव्हा मला उर्दू झरझर वाचता यायचं आणि मराठी अडखळत. आज हे सांगितलं की घरातली मुलं हसतात. पण निजामाच्या अमलात आमची शाळा उर्दूत होती. वडील खेड्यात मास्तर होते, तेही हजेरी उर्दूतच मांडायचे. पुढं राज्य गेलं, शाळा बदलल्या, मधेच वडील वारले आणि माझं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडं थांबलं. पाच-सहा वर्षं पडेल ते काम केलं. लग्न झालं. बायको उमरग्याकडची, तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत, तीही मी थोडी शिकलो. ती म्हणायची, "तुमाला तीन भाषा येत्यात, पर एकीची बी भाकर मिळंना." शेवटी सासऱ्यांच्या ओळखीनं छापखान्यात चिकटलो. भाषावार राज्यं होऊन आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट.

छापखाना तहसील कचेरीच्या मागच्या बोळात होता. पुढच्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसेस आणि पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल. मागं पत्र्याची पडवी, आणि तिथं दगडावर छापायचं जुनं यंत्र गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं. कोर्टाचे, तहसिलीचे फॉर्म पूर्वी उर्दूत असत, ते या दगडावर निघायचे. आता सगळं मराठीत झालं होतं. दगडाला काम उरलं नव्हतं, आणि दगडासाठी जो माणूस लिहायचा त्यालाही.

त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते कातिब होते. कातिब म्हणजे छपाईसाठी सुबक अक्षरात मजकूर लिहून देणारा. एक गुडघा उभा करून त्यावर फळी ठेवायची आणि बोरूनं पिवळ्या कागदावर लिहायचं. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उमटायची, आणि छापली की सुलटी व्हायची. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून चाचा तिथं होते. साठीला टेकले होते. काळी शेरवानी विटून तपकिरी झालेली. बायको वारल्यावर त्यांनी भाड्याची खोली सोडली होती आणि ते पडवीतच झोपायचे.

मराठीचं काम आलं तेव्हा मालकानं त्यांना काढलं नाही. म्हणाला, "चाचा, बसून काय करता, खिळे लावायला शिका." या वयात माणसानं नवी लिपी शिकायची! शिकवायला मला बसवलं, म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची. पण चाचा माझ्यापेक्षा लवकर शिकले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. मी मराठी कागदावर शिकलेला, मला खिळा हातात घेतला की थांबावं लागायचं. चाचांचं उभं आयुष्य दगडावरची उलटी अक्षरं तपासण्यात गेलं होतं, आणि मराठी अक्षर त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं तेच शिशात. वर्षभरात ते माझ्याबरोबरीनं जुळणी करायला लागले. मजकूर मी मोठ्यानं वाचायचो, ते ऐकून खिळे उचलायचे. एक केस आणि चार हात, असं आमचं काम चालायचं.

गंमत एकच होती. छापलेला कागद हातात दिला की चाचा अडकायचे. साधा 'क' सुद्धा त्यांना परका वाटायचा. मग स्वतःशी हसून ते कागद पालथा करायचे, उजेडाला धरायचे आणि मागच्या बाजूनं फडाफडा वाचून दाखवायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की आम्ही मुद्दाम त्यांना वाचायला लावत असू. "कैकू सताते रे," म्हणायचे, आणि वाचून दाखवायचे.

मालक वाईट माणूस नव्हता, हे मला आजही लिहावं लागतं. रझाकारांच्या दिवसांत तो निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात जाऊन आला होता. खादी घालायचा, गावात त्याला मान होता. आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. पगाराला चाचा तनखा म्हणायचे, आणि त्या तनख्याची छापखान्यात एक रीत होती. महिना भरला म्हणून सगळा हातात कधीच पडायचा नाही. बाजारच्या दिवशी मालक थोडी उचल द्यायचा. राहिलेलं त्याच्याकडं जमा. "कुठं पळून जातंय? इथंच हाय तुमचं," म्हणायचा. कुणाच्या घरी लग्न निघालं, आजारपण आलं की खरंच काढून द्यायचा. त्यामुळं कुणाची तक्रार नसायची. ती जमा हेच आमच्या गळ्यातलं दावं होतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. चाचा एकटे, खर्च थोडा, उचलही थोडीच घेत. सगळ्यांत मोठी जमा त्यांची होती. तीन वर्षांचं बहुतेक सगळं मालकाकडंच होतं.

तिसऱ्या वर्षी चाचांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. आधी 'घ' आणि 'ध' ची गल्लत व्हायला लागली. मग एका लग्नपत्रिकेत त्यांच्या हातून नवरदेवाच्या बापाचं नाव चुकलं आणि तेही गठ्ठा बांधून झाल्यावर कळलं. मालक काही बोलला नाही, पुन्हा छापून दिल्या. पण चाचांनी त्या दिवशी खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. दुपारी मला म्हणाले, "बस हुआ बेटा. अब्बी नै होता."

त्यांची मुलगी हुमनाबादला दिली होती, जावयाचं सायकलचं दुकान होतं. सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन करतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तनख्याची जमा घ्यायची, ऑपरेशन करायचं आणि मुलीकडं जाऊन राहायचं, असा त्यांचा बेत होता. मला तो त्यांनी इतक्या खुशीत सांगितला की मीही त्यात सामील झालो. सोलापूरला कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं, हे आम्ही दोघांनी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गादीवर येऊन बसल्यावर चाचा त्याच्यासमोर उभे राहिले.

"आँखां गए, मालिक. अब मेरेकू छुट्टी देव. मेरा जो जमा है सो देव, मैं बेटी के पास जातूं."

मालकानं वही मिटली. "चाचा, तुम्हाला कुणी जा म्हटलं का? डोळ्याला दिसत नसेल तर बसून राहा. दोन वेळची भाकर मी देतो. तुम्ही घरचे आहात."

"वो आपकी मेहेरबानी. पर जाना है."

"मग जा. मी काही तुम्हाला अडवून धरणार नाही."

"और जमा?"

मालक समजूत घातल्यासारखा म्हणाला, "हे बघा, जमा कामावर असलेल्या माणसाची असते. मी काढून टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आपणहून सोडणाऱ्याला मागचं देत बसलो तर उद्या सगळेच सोडतील. मग मी छापखाना कुणाच्या जिवावर चालवू?"

"मैंने काम किया सो?"

"केलं ना. आणि इतकी वर्षं पडवीत राहिलात, त्याचं भाडं मी मागितलं का?"

तो हे रागानं बोलत नव्हता, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. त्याला ते मनापासून बरोबर वाटत होतं. चाचांनी पडवीत जाऊन वळकटी बांधली. त्या दिवसापासून ते दर्ग्याच्या आवारात राहायला गेले. फकीर-फुकरे झोपायचे तिथंच एका खांबापाशी.

मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि कायद्यावर माझा विश्वास होता. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. तो म्हणाला, केलेल्या कामाचा पगार मालकाला ठेवून घेता येत नाही, नोकर काढला असो नाहीतर आपणहून गेला असो. कामगार खात्याचे एक साहेब दौऱ्यावर येतात, डाकबंगल्यात बसतात, त्यांना अर्ज द्या. मी धावतच दर्ग्यावर गेलो. चाचा उर्दूत सांगत गेले आणि मी मराठीत लिहीत गेलो. संध्याकाळी घरी बायकोला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "समदं खरं लिवलंय न्हवं? मंग भ्यायचं कशाला?"

साहेब आले त्या दिवशी आम्ही दोघं डाकबंगल्यावर गेलो. साहेब परगावचे, तरुण, नीट ऐकून घेणारे. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "मालकाला नोटीस काढतो. पुढच्या दौऱ्यात दोघांना समोर घेऊ. पण नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. हे तिथं कामाला होते हे सांगणारं कुणी आहे का?"

"मी सांगतो साहेब," मी म्हणालो. "आम्ही दोघं एकाच केसवर काम करत होतो."

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. परत येताना चाचांनी मला भजी खाऊ घातली. नको म्हटलं तरी ऐकेनात.

पुढं महिना गेला, दुसरा लागला. नोटीस मालकाला पोचली होती, पण तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागत होता. एकदा दुपारी त्यानं मला जवळ बसवलं आणि हॉटेलातून दोन चहा मागवले.

"घरी दिवस गेलेत म्हणं?"

"व्हय."

"कितवा?"

"सातवा संपत आला."

"पहिल्या खेपेला तुमचं काय झालं ते माहीत आहे मला. या वेळी दवाखान्यातच ने. सुइणीवर राहू नको." आमचं पहिलं मूल बाळंतपणातच गेलं होतं, आणि बायकोही थोडक्यात वाचली होती. "पैशाची काळजी करू नको. तुझी जमा आहे, काढून ठेवतो."

मी मान हलवली. त्यानं बशीत चहा ओतला.

"साहेबापुढं साक्षीला उभा राहणार आहेस असं कळलं. राहा. मी कुणाला खोटं बोल म्हणत नाही. फक्त नंतर इथं येऊ नको. आणि जमेचं म्हणशील तर मी चाचांना जे सांगितलं तेच तुला."

चहा पिऊन मी केसपाशी परत आलो. हातात कुणाच्या तरी दुकानाचं पावतीपुस्तक होतं. त्या दिवशी तेवढं एक पान जुळवायला मला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

तारखेच्या दिवशी चाचा माझ्याआधीच डाकबंगल्याच्या व्हरांड्यात येऊन बसले होते. दाढी नीट करून घेतली होती, शेरवानी धुतली होती. मालक खुर्चीवर होता. टेबलाशी साहेब आणि त्यांचा कारकून. साहेबांनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "हे आमच्या वडिलांच्या वेळचे कातिब. दगडाचं काम बंद झालं तेव्हाच यांचा हिशेब संपला. हे रजिस्टर बघा, त्यानंतर यांचं नाव नाही. म्हातारा माणूस, कुठं जाईल, म्हणून पडवीत राहू दिलं."

रजिस्टरात खरंच नाव नव्हतं. ते तसं असेल हे चाचांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"झूट है साहब," चाचा म्हणाले. "तीन साल से मैं मराठी के खिळे लगातूं."

"तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"हौ. आता है."

साहेबांनी समोरची फाईल त्यांच्याकडं वळवली. आमचाच अर्ज होता, मी लिहिलेला, फाईलला बांधलेला. "वाचा बरं पहिली ओळ."

चाचा वाकले. डोळ्यांवर पडदा होताच, पण ते तेवढंच नव्हतं. अक्षरं सुलटी होती. त्यांनी नाक कागदाला लावलं. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. मग सवयीनं त्यांनी कागद पालथा करून उजेडाला धरायला हात घातला, तर कारकून म्हणाला, "फाईल ओढू नका."

त्यांनी हात मागं घेतला.

मालक हसला नाही. तो बाहेर अंगणातल्या लिंबाकडं बघत राहिला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं की साहेब, छापखान्यातून चार खिळे मागवा. छापखाना जवळच होता. एखाद्याला पाठवलं असतं तर साहेबांचा चहा संपायच्या आत खिळे आले असते, आणि चाचांनी ते बोटांनी चाचपून वाचून दाखवले असते. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी आदल्या दिवसापासून ते तयार केलं नव्हतं, ते तिथं उभ्या उभ्या आपोआप सुचलं होतं. त्यामुळं त्याची भीती जास्त वाटली.

"तुम्ही यांना ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. ते पडवीत राहायचे."

"काम करायचे का?"

"माझ्याजवळ येऊन बसायचे."

"पगार मिळायचा?"

"ते मला माहीत न्हाय."

मी हळू बोललो असेन. चाचांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "क्या बोला बेटा? सुना नै मैं."

कारकुनानंच त्यांना सांगितलं, "त्यांना माहीत नाही म्हणतात."

साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि कागद सहीसाठी चाचांपुढं सरकवला. कारकुनानं जागेवर बोट ठेवलं. चाचांनी टाक घेतला आणि उर्दूत सही केली. डोळ्याला नीट दिसत नव्हतं तरी हात चुकला नाही. साहेब त्या सहीकडं क्षणभर बघत राहिले. "अक्षर सुंदर आहे," म्हणाले, आणि फाईल बांधून टाकली.

दोन दिवसांनी चाचा हुमनाबादला निघाले. दर्ग्यातल्या एकानं मला कळवलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. एसटी स्टँडवर ते ट्रंकेवर बसले होते. मी हाक मारली तर उठून उभे राहिले. ट्रंक मी टपावर चढवायला दिली. गाडीत चढताना त्यांनी माझी बाही धरली.

"पायरी उंच हाय चाचा. जपून."

आत बसल्यावर खिडकीतून विचारलं, "बहू कैसी है?"

"बरी हाय."

"मालिक ने डराया क्या तेरेकू?"

"व्हय."

"हौ," ते म्हणाले. एखादी शिवी दिली असती, तोंड फिरवलं असतं, तर मला उभं राहायला काही आधार तरी मिळाला असता. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, ते समोर बघत आणि मी चाकाकडं बघत.

बायकोला दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. मालकानं जमेतून पैसे काढून दिले, वर मुलीला झबलं. बायकोनं कितीदा तरी विचारलं, चाचांच्या अर्जाचं काय झालं? मी म्हणायचो, सरकारी काम आहे, वेळ लागतो. मग चाळीस दिवस व्हायच्या आतच तिला कुठूनतरी सगळं कळलं. ती भांडली नाही. मुलीला थोपटत म्हणाली, "माज्या नावावर नका घालू. मी काय तुमाला खोटं बोला म्हनलं न्हवतं." पुढं कितीतरी वर्षं आमच्यात या विषयावर बोलणं झालं नाही.

मी त्या छापखान्यात आणखी तीन वर्षं काढली. मधे महाराष्ट्र झाला, त्याची पत्रकं मीच जुळवली. चाचांच्या जागी कुणी आलं नाही. मजकूर मी मोठ्यानं वाचायचो, सवय मोडायला वेळ लागला. मग सोलापूरच्या एका मोठ्या छापखान्यात जागा मिळाली आणि मी मालकाला सोडतो म्हणून सांगितलं. जमा बुडणार हे धरूनच चाललो होतो. बायकोलाही तसं सांगून ठेवलं होतं. तर मालकानं वही काढली आणि शेवटच्या दिवसापर्यंतचं सगळं हातावर ठेवलं.

"तू सरळ माणूस आहेस," म्हणाला. "तुझं तुला."

मी ते घेतलं. परत करायचं मनात आलं नाही असं नाही. पण घेतलं.

सोलापूरला बिऱ्हाड लावल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी त्यातले निम्मे पैसे घेऊन हुमनाबादच्या गाडीत बसलो. सायकलच्या दुकानावरून घर सापडलं. चाचा दारापाशी खाटेवर बसले होते. दोन्ही डोळे दुधाळ झालेले. मी नुसतं "सलाम चाचा" म्हणालो आणि त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

मुलगी आतून आली. "कौन है अब्बा?"

"छापखाने का. मेरेकू मराठी पढाया सो."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. बाप तिला सगळं बोलला असणार. पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी पैसे पुढं केले. म्हणालो, चाचांच्या ऑपरेशनला.

"डॉक्टर बोला अब फायदा नै," ती म्हणाली. "पैले लाना था बोला." तरी तिनं पैसे घेतले आणि ज्वारीच्या डब्यात ठेवले. घरात त्यांची गरज होती हे दिसतच होतं.

मी निघायच्या बेतात होतो तर चाचा म्हणाले, "तू नौकरी छोड दिया ना वहां की?"

"सोडली."

"तो अब डर नै. अर्जी लिख."

मला आधी कळलंच नाही. मग समजलं की इतकी वर्षं ते मनातल्या मनात त्या अर्जाचीच वाट बघत होते. माझं खोटं बोलणं त्यांनी एक अडचण म्हणून धरलं होतं, आता ती दूर झाली होती. मुलीनं शेजारून कागद आणला. मी खाटेच्या कडेला बसून लिहिलं. सगळं लिहिलं. चाचा तीन वर्षं माझ्या केसवर जुळणी करत होते, त्यांचा तनखा मालकाकडं जमा होता, ते कागद उलटा वाचायचे, आणि मी साहेबांपुढं भिऊन खोटं बोललो होतो. चाचांना वाचून दाखवलं. "सब आया," म्हणाले. सही करायला हात उचलला, पण टाक कागदाच्या बाहेर खाटेवर टेकला. दोनदा तसंच झालं. शेवटी मुलीनं त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. बोरूवर पोट भरलेल्या माणसाचा अंगठा घेताना मी दुसरीकडं बघितलं.

उत्तर माझ्या सोलापूरच्या पत्त्यावर आलं. अर्ज मुदतीबाहेर आहे आणि साक्षीदाराचं आताचं म्हणणं त्याच्या पूर्वीच्या जबाबाशी विसंगत आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल. खाली सही दुसऱ्याच कुणा साहेबांची होती. तो कागद मी दोन-तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग हुमनाबादला कार्ड लिहिलं: अर्ज पोचला आहे, तारीख लागायची आहे.

तिकडून उर्दूत कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. अब्बा विचारतात, तारीख कधी? मी लिहिलं, लवकरच. पुन्हा कार्ड आलं, पुन्हा मी तेच लिहिलं. असं दीड-दोन वर्षं चाललं. खरं लिहायला मी प्रत्येक वेळी बसायचो. पण ते ऐकून चाचा कसे बसतील ते डोळ्यांपुढं यायचं आणि हात तेच वाक्य लिहून मोकळा व्हायचा. कचेरीत जाऊन फेरविचाराचं विचारलं, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, मालकानं देणं मान्य केल्याशिवाय आता काही होणार नाही. मालकाला पत्र लिहिलं. त्यानं दिवाळीला शुभेच्छांचं छापील कार्ड पाठवलं, दुसरं काही नाही.

मग एका कार्डावर मुलीनं कळवलं की अब्बा रमजानमध्ये गेले, त्रास झाला नाही. खाली एक ओळ होती. तारीख निघाली तर आम्हाला कळवा, आम्ही दोघं नवरा-बायको येऊ.

त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही.